जिवंत बाईला श्रद्धांजली

पालोमा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळाची सभा दर मंगळवारी साडेनऊला सुरू होते आणि मेलेल्यांची नावं वाचून संपते. सभासद पाच, पाचही लोकांनी निवडून दिलेले. प्रत्येकाने आपल्या भागात आठवड्याभरात कोण गेलं ते वाचायचं, सगळ्यांनी उभं राहायचं, मग अध्यक्षबाईंनी "यांच्या स्मरणार्थ सभा तहकूब" म्हणून हातोडी आपटायची. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही. बंद करायची छाती कुणाची नाही, कारण एकेका मयतामागे वीस-वीस मतं असतात.

चौथ्या भागाची यादी सत्तावीस वर्षं फिलोमेना सिल्वेराने लिहिली. तेवढ्या काळात तिचे सभासद तीन झाले. पहिल्याला दारूने नेलं, दुसऱ्याला मोठ्या निवडणुकीने राजधानीत नेलं. तिसरा रॉन मारदिकियन, बेदाण्याच्या द्राक्षबागांचा मालक. उंच, हसरा, हात मिळवताना दुसऱ्या हाताने समोरच्याचं कोपर धरणारा. फिलोमेना मात्र तीच राहिली. तिच्या दारावर 'कार्यालयप्रमुख' अशी पाटी होती. या प्रमुखपणाचा अर्थ एवढाच, की रॉन ज्याला "मी केलं" म्हणायचा ते तिने केलेलं असायचं, आणि ज्याला "कार्यालयाकडून राहून गेलं" म्हणायचा ते त्याने.

बापाच्या गोठ्यात पहाटे तीनला उठून धारा काढणारी पोर्तुगीज घरातली पोरगी ती. कामाला कधी नाही म्हणाली नाही. कुणाच्या रस्त्याला खड्डा, कुणाच्या नळाला गढूळ पाणी, कुणाची पेन्शन अडकली, कुणाचा शेजारी रात्री कोंबडे झुंजवतो. रोज साठ-सत्तर फोन. दुपारी टेबलावरच लिंग्विसा सॉसेज घातलेला पाव, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी गाऱ्हाणं. एकसष्टाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा गेला, पण थकल्याची खरी खूण वेगळीच होती. सकाळी गाडी लावल्यावर ती आत जायच्या आधी पाच मिनिटं गाडीतच बसू लागली. पाचाची दहा झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत ती वीस मिनिटं बसायची. रडणं नाही, प्रार्थना नाही, दोन्ही हात चाकावर, समोर भिंत.

श्रद्धांजल्या लिहिण्यात मात्र तिचा हात धरणारा कुणी नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध, हा त्या कामाचा कायदाच. बांधावरून तीस वर्षं शेजाऱ्याशी खटले लढलेला माणूस तिच्या कागदावर 'हक्कांबाबत जागरूक नागरिक' व्हायचा. मजुरांचे तास चोरणारा बागायतदार 'काटेकोर' व्हायचा. घरचे लोक डोळे पुसायचे. फिलोमेनाला त्यातलं एक अक्षर दुसऱ्या दिवशी आठवत नसे.

आता सोकोरो आर्मेंटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्या नावावर झाला.

एल रिंकोन ही वस्ती कुठल्याच शहरात धरलेली नाही. तिला महापौर नाही, नगरसेवक नाही. रडायचं तर काउंटीपुढेच. सोकोरो तिथली, एकाहत्तर वर्षांची, आणि चौदा वर्षं तिचं एकच मागणं होतं. वस्तीतून शाळेकडे जाणारा रस्ता मोठ्या कालव्याच्या काठाने जातो आणि एका जागी काटकोनात वळतो. वळणावर कठडा नाही. नोव्हेंबरात धुकं उतरलं की माणसाला आपल्या गाडीचं नाक दिसत नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादी गाडी सरळ पाण्यात जाते. दर नोव्हेंबरात सोकोरोचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "फिलोमेना, धुकं आलं." बस. फिलोमेना कागद पाठवायची, रस्ते विभाग गाड्या मोजायला माणूस धाडायचा, आणि उत्तर यायचं की वाहतूक पुरेशी नाही. येईल कशी? मोजणारा माणूस धुक्याच्या दिवशी घराबाहेर पडत नसे.

चौदा वर्षांत सोकोरोच्या नावाची फाइल चार बोटं जाड झाली. तिच्या नवऱ्याचा त्या फाइलीत एका ओळीतही पत्ता नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी मयतांचे अर्ज फिलोमेनाच्या टेबलावर आले. अर्जात दोन चौकोन असतात, वर मयताचं नाव, खाली कळवणाऱ्याचं. एका अर्जावर तिला 'सोकोरो आर्मेंटा, एल रिंकोन' एवढंच दिसलं. तिने दार लावून घेतलं. फाइल काढली. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मणभर दूध न घालता तिने खरं तेच लिहिलं. ही बाई स्वतःसाठी कधी काही मागत नव्हती. कार्यालयाने तिला चौदा वेळा नाही म्हटलं आणि चौदाही वेळा तिने थँक्यू म्हणूनच फोन ठेवला. लिहिता लिहिता फिलोमेनाचे डोळे भरले. पुन्हा अर्जाकडे बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. एरवी ती स्वल्पविरामसुद्धा तीनदा तपासायची.

दुसऱ्या दिवशी रॉनने ते वाचलं आणि चांगलं वाचलं, मध्ये आवाजही जरा कापला. सभागृह उभं होतं. रस्ते विभागाच्या प्रमुखानेही मान खाली घातली होती, हे विशेष.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"फिलोमेना, मी मेले का?"

फिलोमेनाच्या हातातला पाव तसाच राहिला. "दोन्या सोकोरो?" वस्तीतल्यांसारखीच तिने मानाची हाक मारली.

"मीच. आत्ता टीव्हीवर सांगितलं. छान लिहिलंस गं. एवढं चांगलं मत आहे हे आधी कळलं असतं, तर चार फोन कमी केले असते."

मग पलीकडचा आवाज बसला. "पण माझ्या हिलारिओचं काय केलंस?"

तेव्हा फिलोमेनाने अर्ज काढून बघितला. वरच्या चौकोनात, स्वच्छ अक्षरात, हिलारिओ आर्मेंटा. सोकोरो खालच्या चौकोनात होती.

सोकोरोने जे सांगितलं ते तिने उभ्याने ऐकलं. हिलारिओ अडतीस वर्षं पाटकरी होता. कुणाच्या बागेची पाळी कधी, कालव्याचं कुठलं दार किती फेऱ्यांनी उघडायचं, हे त्याच्या बोटांत होतं. काउंटीच्या इमारतीत त्याने कधी पाय ठेवला नाही. पण मंगळवारी टीव्हीवर सभा लागायची, आणि पाचही जणांना शिव्या घालत तो ती शेवटपर्यंत बघायचा. मयतांची यादी सुरू झाली की टोपी काढायचा. घरात कुणी नसलं तरी काढायचा. अमक्याला मी पाणी दिलंय, तमक्याला मी पाणी दिलंय, म्हणायचा, आणि म्हणायचा की पाणी सोडणाऱ्याचं नाव काही कुणी तिथं वाचणार नाही. शनिवारी तो गेला. मयत अजून ठेवलेलं होतं, कारण त्याचा भाऊ कुलियाकानहून यायचा होता आणि व्हिसा अडकला होता. दफन पुढच्या आठवड्यात, गुरुवारी.

"मधे एकच मंगळवार आहे," सोकोरो म्हणाली. "माझं नाव माघारी घे आणि त्याचं वाच. मोठ्याने. नाही वाचलंत तर मी स्वतः येते माइकवर. मेलेली बाई बोलायला आली तर तिला नंबर कुठला देतात, तेही बघते."

फिलोमेना तशीच रॉनकडे गेली. चूक माझी, तिने दारातच सांगितलं. रॉन चिडला नाही. चिडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, तो फक्त हिशोब करायचा. जूनमध्ये निवडणूक होती, आणि समोरचा उमेदवार तरुण होता, व्हिडिओ बनवण्यात पटाईत.

"फिल, माझं वाक्य कापून दिवसभर फिरवतील गं ते. मारदिकियन मतदारांना जिवंत गाडतो म्हणून." त्याने खुर्ची मागे रेलली. "त्या माणसाचं नाव लेखी यादीत घाल. इतिवृत्तात बाईचं नाव गुपचूप काढ. वाचायचं काही नाही."

ती माइकवर येणार आहे, फिलोमेनाने सांगितलं.

"तिला हवंय काय? प्रत्येकाला काहीतरी हवं असतं."

नवऱ्याचं नाव, ती म्हणाली. रॉनने ते ऐकलंच नाही. त्याने टेबलावरची चार बोटं जाड फाइल आपल्याकडे ओढली, पहिलं पान वाचलं, आणि फोन उचलला. दहा मिनिटं. मधे दोनदा हसला, एकदा पलीकडच्याच्या बायकोची तब्येत विचारली. चौदा वर्षं गाड्या मोजून जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. कठड्याचा विषय येत्या मंगळवारच्या कामकाजात, तेविसाव्या क्रमांकावर.

"जा, सांग तिला," रॉन म्हणाला. "कठडा मिळाला. फक्त माइकवर यायचं नाही. ती नाही, तिच्या मुली नाहीत, शेजारी नाहीत. तिने शब्द दिला की झालं. ही माणसं शब्दाची पक्की असतात."

ही माणसं! त्याचे आजोबा त्याच कालव्यावर फावडं घेऊन आले होते. पण ते असो.

बुधवारी फिलोमेना एल रिंकोनला गेली. सोकोरोच्या स्वयंपाकघरात दालचिनी घातलेली कॉफी उकळत होती आणि मुली आतल्या खोलीत रात्रीच्या जपमाळेच्या प्रार्थनेसाठी खुर्च्या मांडत होत्या. सोकोरोने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बस. मयत मी झालेय आणि प्रेतकळा तुझ्या तोंडावर आलीय."

फिलोमेनाने एकदा माफी मागितली, लांबवली नाही. मग रॉनचा निरोप जसाच्या तसा सांगितला, साखर न लावता. कॉफी उतू गेली तेव्हा सोकोरोने उठून गॅस बंद केला.

"लेखी आहे?"

"कामकाजात छापून आलंय. तेविसावा विषय."

"म्हणजे हिलारिओच्या नावाने कठडा."

"नाही," फिलोमेना म्हणाली. "त्याच्या नावाच्या बदल्यात."

खोटं सांगता आलं असतं. तिला आता खोट्याचाही कंटाळा आला होता.

सोकोरोने दोन कप भरले. मग सांगू लागली. गाडी पाण्यात गेली की माणसं वाहत खालच्या दाराशी येतात आणि लोखंडी जाळीला अडतात. सकाळी जाळी साफ करायला जातो तो पाटकरी. तीन वेळा. दोन वेळा पुरुष, एकदा शाळेतली शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र तसंच. त्या दिवशी हिलारिओ घरी येऊन अंगणातल्या बाकावर बसला तो दुसऱ्या दिवसापर्यंत. ती फोन करायची ते त्याच्यामुळे. तो करायचा नाही, त्याला साहेब लोकांशी बोलायला जमत नसे.

"त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, कठडा घे, नावाचं काय लोणचं घालायचंय." तिने कप खाली ठेवला. "घेते. सांग तुझ्या रॉनला. शब्द दिला. माझं कुणी तोंड उघडणार नाही."

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि पाठ हलली तेवढंच दिसलं.

परतताना फिलोमेनाने वळणावर गाडी थांबवली. कालवा काठोकाठ वाहत होता. चौदा वर्षं हवं होतं ते झालं, तिला बरं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते दलाली केल्यासारखं, आणि तीही अशा सौद्यात जिथे विकणारी रडत होती. ती अर्धा तास तिथे बसली. सत्तावीस वर्षं तिने दुसरं काय पाहिलं होतं? कुठल्या कागदावर कुणाची सही आहे आणि कुणाची नाही. त्या सवयीनेच तिच्या लक्षात आलं. शब्द सोकोरोने दिला. मुलींचा दिला, शेजाऱ्यांचा दिला. फिलोमेनाकडे शब्द कुणी मागितलाच नव्हता. मागावा असं रॉनला सुचलंही नव्हतं. टेबलाकडे कुणी शब्द मागतं का?

सोमवारी तिने यादी तयार करून दिली. आठ नावं वाचायची, नववं हिलारिओचं, त्यापुढे रॉनने सांगितल्याप्रमाणे 'वाचू नये'. मग रजेचा अर्ज ठेवला.

"मंगळवारी रजा?" रॉनने चष्मा काढला. "फिल, तू मंगळवारी कधी रजा घेतलीस?"

"खासगी काम आहे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मंगळवारी ती पुढच्या दाराने, लोकांच्या रांगेतून आत गेली. पहारेकऱ्याने तिची पर्स उघडताना मागचं दार बंद आहे का म्हणून विचारलं. तिने बोलणाऱ्यांचा नंबर घेतला, सेहेचाळीस. लोकांच्या बाकावर बसली. बाक इतका कडक असेल हे तिला माहीत नव्हतं, आणि याच बाकावर लोक चार-चार तास तिची वाट बघत बसायचे. मागच्या रांगेत सोकोरो काळ्या कपड्यांत होती, दोन्ही बाजूंना मुली. तिघींची तोंडं मिटलेली.

सव्वादहाला विषय एक ते चाळीस एकत्र मंजूर झाले, एका हातोडीत. तेविसावा कुणी वाचलासुद्धा नाही. फिलोमेनाने हातोडी पडेपर्यंत श्वास धरला होता. आता तो कठडा कुणाला मागे घेता येणार नव्हता, निदान मोठा आवाज झाल्याशिवाय तरी.

लोकांच्या बोलण्याची वेळ साडेअकराला आली. माणशी एक मिनिट. पूर्वी तीन असायची. तिनाचं एक करायचा प्रस्ताव तिच्याच टेबलावर टाइप झाला होता. सेहेचाळीस नंबर पुकारला तेव्हा रॉन मोबाइल बघत होता. आवाज ऐकून त्याने मान वर केली.

"माझं नाव फिलोमेना सिल्वेरा. मी आज रजेवर आहे आणि इथली रहिवासी म्हणून बोलतेय. मागच्या मंगळवारी इथे सोकोरो आर्मेंटा यांना श्रद्धांजली वाहिली. त्या जिवंत आहेत. चूक सभासदांची नाही, माझी आहे. अर्जावर नाव स्वच्छ लिहिलं होतं. मी जे नाव ओळखत होते ते वाचलं, जे ओळखत नव्हते ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. गेले ते त्यांचे यजमान. हिलारिओ आर्मेंटा. अडतीस वर्षं पाटकरी. या सभेत आजवर ज्यांची नावं वाचली, त्यातल्या निम्म्यांच्या बागांना त्यांनी पाणी सोडलं. कालव्याच्या जाळीतून तीन वेळा त्यांनी..."

लाल दिवा लागला, माइक बंद झाला. तिला उरलेलं वाक्य ओरडून सांगता आलं असतं, कितीतरी लोक सांगतात. ती थांबली. नियम तिचाच होता.

"धन्यवाद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सत्तेचाळीस." सत्तेचाळीस नंबर कोल्ह्यांबद्दल बोलला. ते त्याच्या कोंबड्या नेत होते.

सभेच्या शेवटी सगळे उभे राहिले. रॉनने आठ नावं वाचली आणि थांबला. वर्षानुवर्षं अशा वेळी फिलोमेना त्याच्या खुर्चीमागे उभी असायची आणि पुढे काय ते खुणेने सांगायची. त्याने मागे वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं. समोर कॅमेरा होता, पहिल्या रांगेत वर्तमानपत्राची बाई होती, आणि राजकारणात वारा ओळखता आला नाही तर माणूस तीनदा निवडून येत नाही. न वाचणं आता वाचण्यापेक्षा महाग होतं.

"आणि हिलारिओ अर्मान्ता," तो म्हणाला. "एल रिंकोन."

तेवढंच. परिच्छेद नाही, कापणारा आवाज नाही. हातोडी पडली आणि लोक जेवायला उठले.

बाहेर जाताना रॉन तिच्याजवळ थांबला. त्याने हात पुढे केला नाही, कोपर धरलं नाही. "उद्या सकाळी बोलू," म्हणाला. काय बोलणार ते तिला माहीत होतं आणि त्याची तिला फारशी भीती वाटली नाही. नुसता एक हिशोब वाटला, टेबलावरचं काय घरी न्यायचं आणि काय टाकायचं.

सोकोरो मुलींच्या आधाराने आली. तिने फिलोमेनाला मिठी मारली नाही. थोडा वेळ शेजारी उभी राहिली.

"आडनाव नीट घेतलं नाही त्याने."

"नाही घेतलं."

"हिलारिओ शिव्या घालत बसला असता," ती म्हणाली. मग मुलीला घड्याळ विचारलं. दिराचं विमान तीनला उतरणार होतं, आणि भाऊ बघायला येणार म्हणून हिलारिओच्या अंगावर चढवायचा सदरा अजून इस्त्री करायचा होता. जाता जाता तिने फिलोमेनाचा दंड एकदा घट्ट दाबला आणि सोडला.

फिलोमेनाला गुडघ्यामुळे उभं राहवेना. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. रजेचा अर्धा दिवस अजून शिल्लक होता आणि त्याचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. हातात कागदांची पिशवी घेतलेला एक म्हातारा चार दारांवरच्या पाट्या वाचून कंटाळला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कुत्र्याचा परवाना कुठे मिळतो, त्याने विचारलं.

"दुसरा मजला, डावीकडे," ती म्हणाली. "एक वाजला की खिडकी बंद करतात. जिन्याने जा, लिफ्टची वाट बघू नका."